जलपर्णी दिवाळीनंतर काढा, मे महिन्यात नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना उजाडला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. हिरव्यागार कुरणात पोकलेन उभा आहे, काठावर डंपरची रांग आहे आणि खाली ओळ असते की हे कुरण नसून तलाव आहे. पाषाण असो, जांभूळवाडी असो वा नदीपात्र, चित्र तेच. त्यावर लोक चिडतात, मग यंत्रे येतात, जूनमध्ये पाऊस लागतो आणि पुढच्या मेपर्यंत विषय मिटतो. या पत्राचा मुद्दा एवढाच की मे महिन्यात जलपर्णी काढणे हे तिच्या वाढीचे बिल भरण्यासारखे आहे. काढायची वेळ दिवाळी ते फेब्रुवारीचा मध्य ही आहे.

कारण सरळ आहे. जलपर्णी मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. २८ ते ३० अंशांच्या आसपास ती सर्वांत जोमात वाढते, १२ अंशांच्या खाली जवळजवळ थांबते. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठल्या की तिची पाने पिवळट पडतात आणि नवे फुटवे फारसे येत नाहीत. ती मरत मात्र नाही, दबा धरून बसते. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन तापू लागले, त्यात तळ्याला सांडपाणी मिळत असले, की एक ते दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. समजा १५ फेब्रुवारीला तळ्यात १०० चौरस मीटर जलपर्णी उरली आहे. म्हणजे बॅडमिंटनच्या जेमतेम सव्वा कोर्टाएवढी. दुपटीला १२ दिवस धरले तर मेच्या मध्यापर्यंत, सुमारे ९० दिवसांत, ती साडेसात वेळा दुप्पट होईल आणि १८,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार एकर व्यापेल. दाट जलपर्णीचे वजन चौरस मीटरला २० ते ४० किलो भरते. आपण २५ धरू. फेब्रुवारीत जे काम अडीच टनांचे, एका ट्रॅक्टर-ट्रॉलीचे आणि चार माणसांच्या एका दिवसाचे होते, ते मे महिन्यात साडेचारशे टनांचे आणि दीडशे ट्रॉल्यांचे होऊन बसते.

त्या साडेचारशे टनांत वनस्पती किती? ताज्या जलपर्णीत ९० ते ९५ टक्के पाणीच असते. म्हणजे डिझेल जाळून आपण तळ्याचेच पाणी वाहून नेतो. जेथे टनावर किंवा गाड्यांच्या संख्येवर पैसे मोजले जातात, तेथे जलपर्णी जितकी जास्त वाढेल तितके काम मोठे. यात कुणाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही, अटच तशी आहे. ती बदलता येते. काम बारा महिन्यांचे द्यावे आणि पैसे मोकळ्या पाण्यावर द्यावेत. तळ्याच्या नकाशावर चौकोन आखावेत, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आठ ठरलेल्या जागांवरून छायाचित्रे घ्यावीत आणि जलपर्णीखालचे चौकोन मोजावेत. एकूण पाण्याच्या एक टक्क्याच्या आत असेल तर त्या महिन्याचे पूर्ण पैसे, दोन टक्क्यांपर्यंत गेली तर कपात, त्यापुढे दंड. मोजणी काठावर रोज फिरायला येणाऱ्यांनी करावी. ठेका देणाऱ्याने वा घेणाऱ्याने ती करण्यात अर्थ नाही. दहा हेक्टरच्या तळ्याला एक टक्का म्हणजे १,००० चौरस मीटर, हेही थोडे नव्हे. पण तेवढ्यावर ती रोखून धरता येते.

आता काढायची कशी. तराफा किंवा सपाट बुडाची छोटी होडी, दोन लांब दांड्यांची दंताळी, दोरीला बांधलेला तीन फाळ्यांचा गळ, घमेली आणि काठावर ताडपत्री, एवढे पुरते. लाइफ जॅकेट आणि गमबूट मात्र हवेतच. जलपर्णीच्या जाड थरावर पाय ठेवू नये. तो जमिनीसारखा दिसतो आणि माणूस थेट खाली जातो. थरात दिवड असतेच. ती बिनविषारी, पण हात घालण्यापूर्वी दंताळ्याने हलवून घ्यावे.

रोप हातात घेऊन एकदा नीट पाहावे. पानाचा देठ फुगीर, आत स्पंजासारखा. खाली काळपट-जांभळी मुळे, बाटली घासायच्या ब्रशसारखी. या दोहोंच्या मध्ये बोटभर जाडीचा गड्डा आणि त्यातून आडवे निघालेले धागे. प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक पोर रोप. सारा जीव त्या गड्ड्यात आहे. पान तुटून पाण्यात राहिले तर कुजून जाते, गड्डा राहिला तर पंधरवड्यात पुन्हा रोप. म्हणून पात्याने पाण्यातच तुकडे करणारी यंत्रे नकोत. त्यात गड्डे फुटून विखुरतात आणि उरलेला चोथा तळाशी कुजतो. कुजण्याला प्राणवायू लागतो. तो संपला की दोन-चार दिवसांनी पहाटे मासे तोंड वर काढून तडफडताना दिसतात आणि लोक म्हणतात, कुणी विष टाकले. तणनाशक फवारूनही नेमके हेच होते, शिवाय रोपातला नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यातच उतरतो.

यंत्र मधले मोठे पट्टे छान उचलते. चुकते ते काठावर. पाणकणसाच्या दाटीत, पुलाच्या खांबामागे, बेशरमाच्या वाकलेल्या फांद्यांखाली वीस-तीस रोपे अडकून राहतात आणि पुढच्या वर्षीचे पीक तिथूनच येते. यंत्र गेल्यावर आठ दिवसांनी आणि पुन्हा वीस दिवसांनी दोन माणसांनी होडीने काठ पिंजून काढायचा, ही अट कामाच्या कागदातच हवी. मात्र त्या उत्साहात पाणकणीस साफ करू नये. ते आपलेच आहे. जांभळी पाणकोंबडी त्यातच घरटे करते. थंडीत बदके उतरलेली असतात, तेव्हा एका दिवशी तळ्याचा एकच कोपरा घ्यावा म्हणजे पाखरांना दुसरीकडे सरकायला पाणी राहते.

उचललेली जलपर्णी लगेच गाडीत टाकू नये. मुळे पाण्याच्या बाजूला करून अर्धा तास काठावर ठेवली की मुळांतले झिंगे, बेडूक, माशांची पिल्ले आपली आपण पाण्यात परततात. त्यानंतर ती तलाव भरल्यावर पाणी पोचते त्या रेषेबाहेर न्यायची. काठावर ढीग लावून ठेवणे ही सर्रास होणारी चूक. ढिगाच्या आतली रोपे महिनाभर ओली राहतात, पहिल्या मोठ्या सरीत ढीग घसरतो आणि जलपर्णी चालत घरी येते. वीतभर जाडीचा थर उन्हात पसरला तर आठ-दहा दिवसांत वजन बरेच उतरते. मगच गाडी भरावी, फेऱ्या कितीतरी वाचतात.

वाळलेल्या जलपर्णीचे खत होते. बारीक करून, शेणाचा काला शिंपडत, झाडांच्या सुक्या पानांबरोबर अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर द्यावेत, दर पंधरा दिवसांनी ढीग पालटावा. फुले-बोंडे आलेली रोपे ढिगाच्या पोटात घालावीत. तिथे ५५-६० अंशांची उष्णता काही दिवस टिकली तर बी मरते, कडेला मरत नाही. दोन-अडीच महिन्यांत खत तयार. पण एक पथ्य आहे. जलपर्णी सांडपाण्यातले जड धातू शोषून मुळांत साठवते. शहरातल्या तळ्यातले हे खत रस्त्याकडेच्या झाडांना, बागेतल्या शोभेच्या रोपांना घालावे. गच्चीवरच्या मेथी-पालकाला नको. गुरांपुढेही टाकू नये.

तळ्यात जलपर्णी पडते कुठून? बहुतेक वेळा वरून. रामनदी भूगावकडून बावधनमार्गे पाषाण तलावात येते. वरच्या डबक्यांत असलेले सगळे पहिल्या पुरात खाली उतरते. पाषाणहून ते मुळा नदीत, तिथून मुळा-मुठेत, पुढे भीमेत आणि शेवटी उजनीत. तलावाच्या तोंडाशी एक तरंगता अडसर असला तर निम्मी लढाई तिथेच होते. त्याला मोठी अभियांत्रिकी लागत नाही. ११० मिलिमीटर व्यासाचे पीव्हीसी पाइप, तीन-तीन मीटरचे तुकडे, दोन्ही टोकांना सोल्युशन लावून पक्की टोपणे. असा पाइप मीटरला सुमारे ७ किलो भार पेलतो. तुकडे ८ मिलिमीटरच्या तारेच्या दोराला ओवायचे, खाली दीड फूट नायलॉनची जाळी सोडायची, तळाशी साखळीचे वजन.

अडसर प्रवाहाला काटकोनात लावला की फसला. मधोमध पोट येते, जलपर्णी तिथेच साठते, दाब वाढतो आणि खालून सटकते. तो तिरपा लावावा, ३० ते ४५ अंशांत, म्हणजे तरंगत आलेला माल आपोआप एका काठाला सरकतो. जिथे सरकतो तिथे उतार करून ठेवावा, ट्रॉली खाली जाईल असा. दोन्ही टोके झाडाला बांधू नयेत. काठावर उभे लोखंडी पाइप रोवून दोर त्यांवर सरकणाऱ्या कड्यांत अडकवावा, तरच पातळी चढ-उतार झाली तरी अडसर पाण्यावर राहतो. आणि एक टोक खिळीने सुटणारे हवे. मोठ्या पुरात ओंडके, थर्माकोल, गाद्यासुद्धा येतात. त्या दिवशी अडसर उघडून काठाला लावून ठेवला नाही तर दोर तुटतो, नाहीतर काठ उखडतो.

अडसराने रोपे थांबतील, रोपांचे खाणे थांबणार नाही. शहराच्या वर असलेल्या पानशेत-वरसगाव धरणांच्या पाण्यावर असा गालिचा पसरत नाही, शहराच्या खाली पसरतो, यातच सगळे आले. सांडपाण्याची वाहिनी ओढ्यात सुटलेली आहे तोवर जलपर्णी काढली तरी तेच खाणे शेवाळ खाते. पाणी हिरवे होते, रात्री प्राणवायू घसरतो. म्हणून झाकलेले अख्खे तळे दोन दिवसांत उघडे करू नये. आठवड्याला एक पट्टा घ्यावा आणि पहाटे सूर्योदयाआधी विरघळलेला प्राणवायू मोजावा. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली आला तर आठवडाभर थांबावे. दुपारी मोजून उपयोग नाही, दुपारी तो नेहमीच चांगला दिसतो.

भुंग्यांचा उपाय अनेकजण सुचवतात. निओचेटिना नावाचे दोन जातींचे भुंगे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आणले गेले. बंगळूर परिसरातल्या तळ्यांत आणि मणिपूरच्या लोकटाकमध्ये त्यांनी जलपर्णी खरोखर आटोक्यात आणली. चार-पाच मिलिमीटरचा राखाडी भुंगा पानावर तांदळाच्या कणीएवढे ओरखडे काढतो, अळी देठ पोखरते आणि कोष मुळांत बांधते. उपाय चांगला, पण घाईचा नाही. दोन ते चार वर्षे लागतात. सांडपाण्यावर पोसलेले रोप भुंग्याच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढते. शिवाय भुंगे सोडून दर उन्हाळ्यात तळे खरवडले तर भुंगेही डंपरमधून जातात. ज्याला भुंगे हवेत त्याने अडसर घालून एक कोपरा राखून ठेवावा. दोन्ही उपाय एकाच पाण्यात बेफिकिरीने केले की दोन्ही वाया.

डासांबद्दलही एक गैरसमज आहे. गप्पी मासे सोडले म्हणजे झाले, असे मानले जाते. मॅन्सोनिया जातीच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागावर येतच नाही. ती जलपर्णीच्या मुळाला नळी खुपसून तिथूनच हवा घेते. वर तेलाचा तवंग टाका, तिला फरक पडत नाही. गप्पी त्या मुळांच्या जंजाळात पोचत नाही. आणि गप्पी स्वतः दक्षिण अमेरिकेतला. बंद हौदात, कारंज्यात ठीक, तळ्यात सोडू नये. मूळ माशांची अंडी-पिल्ले तोही खातो.

माशांचा विषय निघालाच आहे तर तो जलपर्णीपेक्षा अवघड आहे, कारण तो दिसत नाही. चिलापी, म्हणजे टिलापिया, १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्ले दोन-तीन महिन्यांत प्रौढ होतात, वर्षातून अनेकदा वीण. भिगवण-उजनीच्या बाजारात आज चिलापीचेच ढीग असतात. मरळ, वाम, शिंगटा या इथल्या मूळच्या माशांचे भाव का चढले ते तिथल्या कुठल्याही कोळ्याला विचारा. आफ्रिकेतला मांगूर, बाजारातला ‘थाई मांगूर’, तर मीटरभर वाढतो, हाताला येईल ते खातो आणि ओल्या जमिनीवरून सरकत शेजारच्या पाण्यात जातो. त्याच्या पैदाशीवर देशात २००० पासून बंदी आहे, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती अमलात आणण्याचे आदेश दिले. आणि काच साफ ठेवतो म्हणून ॲक्वेरियमच्या दुकानात विकला जाणारा सकर मासा. बोटभर असताना गोड दिसतो, फूटभर झाला की टाकीत मावत नाही, मग तो रात्री तळ्यात ‘मुक्त’ होतो. तो काठात बिळे पोखरतो, काठ ढासळतो आणि त्याच्या खवल्यांच्या चिलखताने जाळी फाटते.

तळ्यात मासा सोडणे हे पुण्यकर्म नाही, एवढे काठावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले तरी पुष्कळ. सोबत पर्यायही लिहावा. टाकी मोडायची असेल तर मासे दुकानात परत द्यावेत किंवा हौशी माणसाला द्यावेत. टाकीचे पाणी गटारात न ओतता झाडाच्या आळ्यात ओतावे. टाकीतली पाणवनस्पती दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून मगच कचऱ्यात टाकावी. घराच्या गच्चीवर तांब्या-पितळेच्या उरुळीत शोभेची म्हणून ठेवलेली जलपर्णी आणि कोबीच्या गड्ड्यासारखी पिस्टिया, ही रोपवाटिकेतून आणलेली ‘तरंगती रोपे’ विसर्जनाच्या वेळी निर्माल्याबरोबर तळ्यात जातात, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. होड्या आणि जाळी एका तळ्यातून दुसऱ्यात नेताना चार-पाच दिवस कोरडी करून न्यावीत.

तळ्यात शिरलेला चिलापी पुरता काढता येत नाही, कमी मात्र करता येतो. एप्रिलमध्ये पाणी कमी असताना, परवाना असलेल्या मच्छीमार संस्थेकडून ओढजाळे फिरवून घ्यावे आणि सापडलेला चिलापी-मांगूर परत पाण्यात टाकू नये. कासवांच्या बाबतीत मात्र हौशी मंडळींनी हात आवरावा. डोळ्यामागे लाल पट्टा, कठीण पाठ, अंगावर पिवळ्या रेघा, ते अमेरिकेतले लाल कानाचे कासव. दुकानात रुपयाच्या नाण्याएवढे विकतात, पुढे ते ताटाएवढे होते. मऊ पाठ आणि डुकरासारखे नाक असलेले कासव आपले, कायद्याने संरक्षित. ओळख पटत नसेल तर छायाचित्र काढून वनविभागाला कळवावे, पकडू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने ६२अ हे कलम आले. त्यानुसार परक्या आक्रमक प्रजातींचा व्यापार आणि बाळगणे रोखण्याचा अधिकार केंद्राला मिळाला आहे. या कामी आपल्याकडे जुना दाखलाही आहे. बंगालने १९३६ मध्येच जलपर्णीचा स्वतंत्र कायदा केला होता आणि ती हटवण्याची जबाबदारी जमीन वा पाणी ज्याच्या ताब्यात त्याच्यावरही टाकली होती.

शेवटचे काम पावसाळ्याच्या तोंडावरचे. जलपर्णीचे बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते. जांभळे फूल पाहून लोक छायाचित्रे काढतात. ते फूल दोन दिवसांत सुकते, दांडा वाकून पाण्यात जातो आणि सुमारे तीन आठवड्यांत बी गाळात पडते. म्हणून फुलावर आलेला पट्टा सर्वांत आधी काढायचा. उन्हाळ्यात पाणी हटले की तो गाळ उघडा पडतो, ऊन लागते, आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर ओल्या काठावर हिरव्या दोऱ्यासारखी पट्टीदार पाने डोकावतात. फुगीर देठ नसल्यामुळे हे गवत वाटते आणि सुटते. १५ जून ते १५ जुलै या महिन्यात आठवड्यातून एकदा काठाने फिरून ही रोपे चिमटीने उपटली, तर एक माणूस तासाभरात पिशवीभर काढतो. त्या वेळी त्यांचे मूळ इंचभर असते. पाणी चढले की ती सुटून तरंगू लागतात.

आपले,
रामनदीकाठचे काही नागरिक
पाषाण, पुणे